उसनं लेकरू

वाडीच्या बसमध्ये माह्यासमोर अंगणवाडीच्या दोघी बोलून राहिल्या होत्या.

“रंभाबाई, आमदारांची कमिटी पाहाले येनार, तवा तुम्हीच म्हणल्या ना, लेकरं उसनी आणा?”

“नाहीतर अंगणवाडी बंद केली असती त्यायनं, मनकर्णा.”

“सगळी घरोघरी पोचवली. हे उरलं. कोणाचंच नाही म्हणतात.”

“पण कमिटीशी हेच एक बोललं. म्हणून तर आमदारबाईनं याले आज विधानभवनात बोलावलं.”

“मले भेव लागून राहिलं. हे जेवत नाही, झोपत नाही.”

“आजचा दिवस नीट धर वं त्याले मांडीवर.”

मांडी मले रिकामीच दिसली, म्हणून मी चष्मा पुसला.

तेवढ्यात कंडक्टर आला.

“आजी, सरका थोडं. बाळाले खिडकीशी बसायचं हाय म्हणते.”

मी खिडकी सोडून सरकले.