मत माझं, बोट तिचं

—पहिल्यांदा म्हणजे पहिल्यांदाच, साहेब. हसू नका, तुम्ही हसलात की पाठ हलते आणि माझा अंगठा जागेवरून सुटतो. तोंड त्या मालिशच्या टेबलाच्या भोकात नीट घाला, हां, आणि खांदे सोडा – कानाला लावून कशाला धरलेत, कुणी पळवत नाही. बोलायचं काम माझं, तुम्ही नुसतं पडून राहा. तर तुम्ही विचारलंत, केस पिकलेत आणि म्हणता काल पहिल्यांदा मत दिलं, हे कसं काय? बरोबर आहे तुमचं. याआधीही मतदानाला जाऊन आलोय मी, शाईसुद्धा लावून आलोय. पण मत माझं आणि बोट हिचं – हिचं म्हणजे आमच्या मंडळींचं, आता तुम्हाला दार उघडलं ना, तीच. तेल संपत आलंय, ते आणायला गेलीय. डोळस आहे ती. तुम्ही पाहिलीतच. चांगली आहे ना दिसायला? – नाही, राहू दे. नका सांगू. सगळेच सांगतात.

कसं असतं बघा. आम्ही दोघं रांगेत उभे. नंबर आला की टेबलामागचा माणूस माझ्याशी बोलतच नाही, हिच्याशी बोलतो – मॅडम, यांना सही येते का? अरे, मी इथंच उभा आहे, आंधळा आहे, परगावी गेलेलो नाही. मग म्हणणार, तुम्हीच दाबून टाका यांचं, लवकर आटपेल, मागं रांग आहे. की ही निघाली माझा हात धरून त्या पुठ्ठ्याच्या आडोशाला. मी कानात सांगतो, अमक्याला दे. ती म्हणते, हो. मग वाजतं – पींऽऽ. संपलं. आता मला सांगा, ती पीं सगळ्यांना सारखीच ना? या उमेदवाराला एक आणि त्या उमेदवाराला दुसरी, असं काही नसतं ना? काचेमागं चिठ्ठी दिसते म्हणे, मत कुणाला गेलं त्याची खात्री करून घ्यायला. खात्री कोण करणार – तीच. लोक माझ्यासमोर ती म्हण म्हणायला लाजतात, मी नाही लाजत – आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. कुत्रं कोण, तेही मला ठाऊक होतं.

मंडपवाला. दुसरा कोण? आपल्या भागातून निवडून आलाय तोच – मूळचा धंदा मंडप, खुर्च्या, लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा. आणि आमच्या हिच्या माहेरचा शेजारी, भिंतीला भिंत. लहानपणी एकत्र खेळले म्हणे. खेळले असतील, मी कुठं नाही म्हणतो. पण मग मोठं झाल्यावर माणसानं आपापल्या भिंतीआड राहावं की नाही? हा येतो. महिन्या-दोन महिन्यांनी येतोच. माझ्याशी बोलताना ओरडतो, काय दादा, बरंय का – बहिऱ्याशी बोलावं तसं. आणि हिच्याशी बोलताना आवाज एकदम खाली. का जावा खाली? कामाचं बोलणं असेल तर सगळ्यांना ऐकू येऊ दे की. आणि तो यायचा असला की सकाळपासून घरात पावडरीचा वास येतो. मी विचारलं एकदा, आज पावडर कशी काय? तर म्हणाली, अहो, उकडतंय. थंडीत, साहेब. – दुखलं का? माफ करा, अंगठा जरा जोरात गेला. मागं तो पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा मी हिला बजावलं होतं, याला सोडून कुणालाही दे. हो म्हणाली. पीं वाजली. आणि घरी येईपर्यंत ही बाई गुणगुणत होती. निवडून आला तो.

त्यानंतर आम्ही जागा बदलली. जुनी खोली वरच्या मजल्यावर, गिऱ्हाइकाला दुखरी पाठ धरून जिना चढावा लागायचा, खाली जाताना परत दुखायची – म्हणून इथं तळमजल्यावर आलो. पत्ता बदलला, यादीतून नाव गेलं. हिचं नवीन पत्त्यावर लगेच लागलं, माझा अर्ज परत. कारण? फोटोत डोळे मिटलेले आहेत. डोळे उघडे असलेला फोटो जोडा. गेलो फोटोवाल्याकडं. तो म्हणतो, काका, डोळे उघडा. अरे, उघडतो बाबा, पण दुकान उघडून उपयोग काय, आत मालच नाही. आणि माझ्या पापण्या जन्मापासून अर्ध्याच वर जातात. पुन्हा फोटो, पुन्हा अर्ज परत. कचेरीत गेलो तर म्हणे, इथं नाही, आता सगळं कॉम्प्युटरवरून करायचं. त्या कॉम्प्युटरला वाचा नाही आणि मला डोळे नाहीत, आमचं दोघांचं जमायचं कसं? मधली एक निवडणूक अशीच गेली. ही जाऊन आली, मी खिडकीत बसलो.

आणि मग आला हा मंडपवाला. वहिनी, द्या ते कागद, चला माझ्याबरोबर, तिथले साहेब ओळखीचे आहेत. माझा फोटो, माझं नाव, माझे डोळे – आणि चला वहिनी. गेली ही. स्कूटरवर, त्याच्या मागं बसून. मी दारात उभा राहून आवाज ऐकत होतो, कोपऱ्यापर्यंत नीट ऐकू आला, मग रहदारीत मिसळला. दुपार झाली. त्या दुपारी एक गिऱ्हाईक आलं होतं, त्याला मी उद्या या म्हणून सांगितलं, हातच चालेनात. मग दोघं आले परत. झालं म्हणाली काम, लागलं तुमचं नाव. हसत होती. साहेब, माझा मताचा हक्क त्या माणसाच्या स्कूटरवर बसून घरी आला. मी थँक्यू म्हटलं त्याला. म्हणावंच लागलं. आणि तिथंच ठरवलं, या नावाचं पहिलं मत पडेल ते याच्या विरुद्ध, आणि माझ्या स्वतःच्या हातानं. त्याच्यासमोर यंदा एक निवृत्त मास्तर उभे होते. माणूस कसा आहे? मला काय माहीत, मी कधी भेटलोही नाही. भाषण ऐकलं एकदा, झोप आली. पण याला पाडलं तर तेच पाडतील असं सगळे म्हणत होते, मला तेवढं पुरे होतं. हिलाही सांगून टाकलं, आपलं मत मास्तरांना.

काल गेलो. शाळेत, मागच्या इमारतीत. टेबलापाशी तेच – मॅडम, तुम्हीच दाबून टाका. मी म्हटलं, नाही. मी एकटा जाणार. बटणांच्या शेजारी उठावाच्या ठिपक्यांचे आकडे असतात, ते मला बोटानं वाचता येतात. कुठल्या आकड्यावर कोण उभा आहे, एवढंच कळायला हवं, त्याची ठिपक्यांची यादी तुमच्याकडं असायला पाहिजे, ती द्या. शोधाशोध झाली, खोके उघडले, मागची रांग चुकचुकायला लागली. आली नाही म्हणे. बरं, मग तुम्ही वाचून दाखवा. तर म्हणाले, आम्हाला उमेदवारांची नावं घ्यायची परवानगी नाही, बाहेर भिंतीवर यादी लावलीय, मॅडम वाचतील. म्हणजे फिरून गाडी मॅडमवरच. आलो बाहेर. ही वाचायला लागली – एक, वकीलसाहेब. दोन, त्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई. तीन… आणि थांबली. मी म्हटलं, तीन काय? मग म्हणाली, तीन मास्तर. चार मंडपवाले.

साहेब, मी आवाजावर जगतो. हिचा आवाज मला तोंडपाठ आहे. भाजी स्वस्त मिळाली तर आणि महाग मिळाली तर, ही दारातून 'आले हो' म्हणते ते दोन वेगळ्या आवाजांत म्हणते. ती थांबली म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय. आणि कुठं मुरतंय हे काय वेगळं सांगायला हवं? अदलाबदल. तीनवर तिचा तो, चारवर माझे मास्तर, आणि मला सांगायचं उलटं, म्हणजे मी बिचारा मोठ्या ऐटीत आत जाणार आणि तीन दाबून येणार. मत त्याच्याच पदरात, आणि या खेपेला बोटसुद्धा माझंच. हुशार बाई. पण मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही.

गेलो आत. एकटा. पुठ्ठ्याच्या आडोशाला आपला एकट्याचाच श्वास ऐकू येतो हो, मला ठाऊकच नव्हतं. बोट खाली नेत गेलो – एक, दोन, तीन. तीनवर जरासा थांबलो. मग चार. दाबलं. पींऽऽ. रडू आलं मला, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं ऐकलेली तीच पीं, पण काल ती माझी होती. मग ही तिचं मत देऊन आली, आणि काय म्हणाली असेल? माझा हात धरून, हळूच – मीही तीनच दाबलं हो, तुमच्या मास्तरांना, तुमच्यासाठी. साखर पेरणं म्हणतात ते हे. मी नुसता हसलो. मनात म्हटलं, तू कुणाला दिलंस ते मला पक्कं ठाऊक आहे बाई. काल जेवताना दोन घास जास्तच गेले मला.

का हो? अंग का आवळलंत एकदम? आत्ता कुठं खांदा सुटायला लागला होता. – डोकं वर नका करू, झटका बसेल मानेला. काय म्हणालात? – ड्युटी? तुमची? त्याच शाळेत? मग ही गाठ कालच्या खुर्चीची होय, आधी नाही का सांगायचं. त्या टेबलावर नव्हतात तुम्ही, आवाज ओळखला असता मी. – शेजारच्या खोलीत. बरं. आणि ती बाहेरची यादी तुम्ही चिकटवलीत? अरे वा. मग हातच्या कांकणाला आरसा कशाला, तुम्हीच सांगा, तीनवर कोण होतं?

नीट आठवा, घाई नाही. – मास्तर? नाही हो, तुमची गडबड होतेय, पहाटेपासून उठलेले तुम्ही, झोप नाही, काय चिकटवलं ते कुणाला ध्यानात राहतंय. – राहतंय. बरं. चारवर मंडपवाला. पक्कं? – बरं. मग ती थांबली का? मला एवढंच सांगा. एक सरळ वाचलं, दोन सरळ वाचलं, तीनलाच का थांबली? – काय? चिकटपट्टी? – संपली होती, म्हणून कागदाची खालची बाजू तशीच राहिली… आणि वारा आला की कागद वर वळायचा, खालची नावं झाकून जायची. जो तो हातानं दाबून धरून वाचत होता. सगळेच? – सगळेच. तिच्या एका हातात माझा हात होता, साहेब, आणि दुसऱ्यात पिशवी. म्हणजे पिशवी खाली ठेवावी लागली असेल तिला. ठेवलीच. पिशवी ठेवल्याचा आवाज आला होता मला. आला होता. मी तो हिशेबातच धरला नाही.

थांबा जरा. हात कोरडे पडलेत, तेल नाही. – म्हणजे तिनं खरंच तीन दाबलं. माझ्यासाठी. आणि मी – पहिलं मत, स्वतःच्या बोटानं, कुणाची मदत न घेता – त्याला. त्या स्कूटरवाल्याला. तिचं मास्तरांना, माझं त्याला, दोघं घरी बसलो असतो तरी चाललं असतं. परत घेता येतं का हो ते? मोजणी व्हायचीय ना अजून? तुम्ही ड्युटीवाले, तुम्हाला माहीत असेल, एखादा अर्ज-बिर्ज… नाही. नसेलच. असता तरी त्याला फोटो लागला असता. – पण पावडरीचं काय? आणि ते गुणगुणणं? ते मी या कानांनी ऐकलंय. त्याचं तुम्ही काही सांगू शकत नाही, त्याची यादी कुणी भिंतीवर लावत नाही. मी उगाच संशय घेणारा माणूस नाही, साहेब. तुमची बायको अशी दुसऱ्याच्या स्कूटरवर – जाऊ दे. तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही नुसती मान वळवून बघू शकता ती कुठं बघतेय ते.

श्श. फाटक वाजलं. तीच. – थांबलीय, कुणाशी तरी बोलतेय. ऐका, ऐकू येतंय? – आमच्या ह्यांनी काल एकट्यानं मत दिलं. सकाळपासून गल्लीत सगळ्यांना हेच सांगतेय. हे बघा, पुन्हा सांगितलं.

उठा तुम्ही. झालं तुमचं. राहिलेली पाठ पुढच्या वेळी करू. शर्ट डावीकडं खुंटीला आहे. ती विचारेल बाहेर, कसं वाटतंय म्हणून, सगळ्यांनाच विचारते. मानेचं सांगा. फक्त मानेचं.