दोरी कोणी ओढत नाही

मलाच का बोलावलंत? कारखाना माणसांनी भरलाय, आणि सांगायचं म्हाताऱ्यानं. गुडघे धरून जिने चढून आलो — नाही, चहा नको, चहा पाजला की माणूस जास्त बोलतो हे मला ठाऊक आहे. आणि ते पेन आधी खाली ठेवा. ठेवा म्हणतो ना. हां.

तर दोरी. बाटल्यांच्या पट्ट्यावर तुम्ही लोकांनी लाल दोरी टांगली, आणि आता विचारताय, ती कोणी ओढत का नाही. ओढायला काय, शेळीसुद्धा ओढेल. तडा गेलेली बाटली दिसली की ओढा, पट्टा थांबेल, कोणी रागावणार नाही — मोठे साहेब स्टुलावर उभे राहून बोलले, आम्ही टाळ्या वाजवल्या, टाळ्यांना काय जातंय? मग जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसला. साहेब, नव्या विहिरीचं पाणी आधी कोणीतरी पिऊन दाखवावं लागतं — त्याचं पोट दुखलं नाही की मग बाकीचे घागरी घेऊन येतात. इथं तो पहिला कोण? मी! हसता काय? आवडली होती मला दोरी. म्हाताऱ्याला नवं आवडू नये असा कायदा आहे?

ओढली. पट्टा थांबला. सुपरवायझर धावत आला — कोणता ते विचारू नका — आणि सगळ्यांदेखत ओरडला, "कोण मेलं इथं? डोळे गेले असतील तर घरी बसा!" तडा नव्हताच, बाटलीला केस चिकटला होता. चुकलो. असेल. पण माणूस चुकला तेव्हाच कळतं ना, दोरी खरी की शोभेची? 'बरं केलंत, पुन्हा ओढा' एवढं जरी म्हणाला असता, तरी दुसऱ्या दिवशी सगळे हात वर गेले असते. आता तिथं कोळ्यानं जाळं केलंय.

आणि आता फुटकी बाटली माझ्या लेकीच्या हातात फुटली, तळवा चिरला, तर तुमचा चौकशीचा कागद म्हणतो — दोरी असून ओढली नाही, चूक तिचीच. तिला कामावरून काढायला निघालात, होय ना? मी शेजारीच उभा होतो. तडा दिसला होता तिला, हात वरही गेला होता, पण आदल्या दिवशी जेवताना त्याच सुपरवायझरनं बजावलं होतं, 'माझ्या पाळीत पट्टा थांबवायचा नाही' — नाही, नाही. तिला काही दिसलं नव्हतं. हे तुम्ही ऐकलं नाहीत.

जेवताना? जेवताना कुठं म्हणालो मी? ... म्हणालो असेन. बघा, चहा न पाजताही काढलंत. मग ऐका आता सगळं — लेकीला हात लावायचा नाही. दोरी ओढायला हवीय ना तुम्हाला? नवी दोरी नको, भाषण नको, आधी त्या पट्ट्यापाशी, सगळ्यांदेखत, माझी माफी मागायला लावा. मग बघा, कोण ओढत नाही ते. कोणाला म्हणजे? अजून कळलं नाही? घरी माझ्या शेजारीच जेवायला बसतो तो, पण लेकीचा हात चिरल्यापासून मान खाली घालून, आणि मीठसुद्धा मागत नाही. लिहा, घ्या पेन, लिहा — माझ्या जावयाला.