बासष्टावी खेळी

ज्ञानदा : आणि मग तू केक आणलास.

सिद्धेश : छोटाच होता.

ज्ञानदा : हरलेल्या माणसाच्या घरी.

सिद्धेश : दोन वर्षं दर शनिवारी मी हरत होतो, ज्ञानदा. मला सवलत म्हणून शेजारचे तोकिवा आजोबा स्वतःचे सहा मोहरे आधीच डब्यात ठेवायचे, तरी हरायचो. शंभराव्या हारीलासुद्धा कोणी केक आणला नव्हता. केकवर घोडा काढून घेतला, बुद्धिबळातला. बेकरीतल्या बाईला शोगी म्हणजे काय ते कळेना.

ज्ञानदा : मलाही अजून धड कळलेलं नाही.

सिद्धेश : जपानी बुद्धिबळ. मारलेला मोहरा आपला होतो, पटावर परत उतरवता येतो. कंपनीने कंपनी विकत घेतल्यासारखं. कालचा शत्रू आज आपल्या कँटीनमध्ये जेवतो. फक्त आपली दोन प्यादी एकाच उभ्या ओळीत आली की तिथल्या तिथे हार. तोकिवा आजोबांनी नेमकं तेच केलं.

ज्ञानदा : पण ते प्रोफेशनल होते ना?

सिद्धेश : तीस वर्षं. स्टाइल अशी, की राजाभोवती भिंत, भिंतीभोवती भिंत. नऊ-नऊ तास बसायचे. समोरचा भुकेने हरायचा. जपानमधले पेपरवाले त्यांना 'गोदाम' म्हणायचे.

ज्ञानदा : मग महिनाभर त्यांचं दार तुला बंद का? केकने असं होत नाही. तू आणखी काहीतरी बोललास.

सिद्धेश : त्यांनी ते चुकीचं प्यादं ठेवल्याबरोबर ओरडलो.

ज्ञानदा : काय?

सिद्धेश : 'अगेन!'

ज्ञानदा : अगेन म्हणजे? आधी कधी केलं होतं त्यांनी?

सिद्धेश : त्र्याऐंशी साली. प्रोफेशनल खेळाडूंच्या वरच्या श्रेणीत जायचा डाव होता. हीच चूक. नंतर कधी वर गेलेच नाहीत. घरातसुद्धा तो विषय काढत नाहीत. माझ्याकडे काढला होता.

ज्ञानदा : यार, सिद्धेश.

सिद्धेश : जोक म्हणून म्हणालो.

(बेल वाजते. ज्ञानदा खाली जाऊन एक पाकीट घेऊन येते.)

ज्ञानदा : त्यांची मुलगी होती. आजोबांना सिॲटलला नेतेय, कायमचं. ट्रक भरून झालाय. हे तुझ्यासाठी.

सिद्धेश : आमचा त्या दिवशीचा डाव लिहिलाय. सगळ्या खेळ्या. संपल्यावर दोघांनी मिळून तो परत बघायचा असतो. मी थांबलोच नव्हतो.

ज्ञानदा : खाली काय लिहिलंय?

सिद्धेश : 'बासष्टाव्या खेळीला तू जिंकला होतास. सुंदर खेळी.'

ज्ञानदा : म्हणजे त्या प्याद्याच्या आधीच?

सिद्धेश : मला कळलंच नाही. त्यांच्यात एक रीत आहे. हरलो हे समजलं तरी लगेच सोडत नाहीत. एक-दोन खेळ्या आणखी करतात, पट देखणा व्हावा म्हणून. समोरच्याचं जिंकणं नीट दिसावं म्हणून. मग स्वतःच वाकून 'मी हरलो' म्हणतात. हरणाऱ्याच्या हातात तेवढंच असतं.

ज्ञानदा : आणि ते प्यादं...

सिद्धेश : माझ्यासाठी ठेवत होते. ओळ तेवढी चुकली.

ज्ञानदा : आणि तू त्यांना वाकूही दिलं नाहीस.

सिद्धेश : मी बेकरी बंद व्हायच्या आत निघालो होतो.

ज्ञानदा : जा खाली.

सिद्धेश : जाऊन काय म्हणू?

ज्ञानदा : त्यांचं म्हणायचं राहिलं, ते तू म्हण.

सिद्धेश : अगं, पण जिंकलोय मी.

ज्ञानदा : बूट घाल. ट्रक सुरू झालाय.