साहेबांचे जुने अर्थ आणि माझी बदली

नाही, पण मला एक सांगा, 'नाइस' या शब्दाचा सातशे वर्षांपूर्वी काय अर्थ होता याच्याशी पंपाच्या वायसरचा काय संबंध? मी स्टोअरला आहे हो, पंपाच्या कारखान्यात. नट, बोल्ट, वायसर, पट्टे, एवढंच माझं जग. आणि तुम्हाला सांगतो, रोज जेवणाची सुट्टी संपली, डबे धुऊन झाले, की मशिनं बंद ठेवून आम्हाला वरच्या हॉलमध्ये बसवतात आणि आमचे साहेब उभे राहून इंग्रजी शब्दांचे अर्थ सांगतात. बरं, आजचे सांगा, निदान घरी जाऊन पोरांचा अभ्यास तरी घेता येईल... पण नाही. जुने! जे आता खुद्द इंग्रजसुद्धा विसरले ते. शब्द जुना, अर्थ त्याहून जुना, आणि ऐकायला कोण, तर आम्ही.

हे खूळ आलं कुठून? साहेबांच्या सासऱ्यांकडून. लोकांचे सासरे जाताना घड्याळ ठेवतात, अंगठी ठेवतात. यांच्या सासऱ्यांनी उशीएवढी जाड डिक्शनरी ठेवली. साहेबांनी ती उशी म्हणूनच वापरली असती तरी कारखान्याचं कल्याण झालं असतं. पण ते वाचायला लागले. आणि वाचलेलं पोटात राहत नाही ना माणसाच्या. चष्मा कपाळावर, घसा खाकरायचा, आणि सुरू... "मंडळी, क्लू म्हणजे काय? धागादोरा? नाही! पूर्वी क्लू म्हणजे सुताचा गुंडा." आता मला सांगा, धागादोरा काय लोखंडाचा असतो? सूतच की ते. आमच्या आजीला डिक्शनरीशिवाय कळत होतं. पण बोलायची सोय नाही. त्या सुतावरून साहेब एकदा स्वर्गाला निघाले की खाली येईपर्यंत चहाची वेळ होते.

मी हेही सोसलं असतं हो. माझं दुखणं वेगळंच होतं. माझी बायको दुसऱ्या गावी नर्स आहे, मुलगी तिच्यापाशी, चार वर्षांची. त्याच गावात आमच्या कारखान्याची शाखा आहे आणि तिथे एक जागा रिकामी. बदलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर. सही तेवढी हवी. सही मारायला किती वेळ लागतो? पण मी केबिनमध्ये गेलो की, "बसा. मीट म्हणजे काय?" मी म्हणतो, मटण, साहेब. "चूक. पूर्वी मीट म्हणजे कुठलंही अन्न." की मग अन्नावर तासभर, आणि मी उपाशी परत. एकदा मुलगी फोनवर काय म्हणाली माहितीये? "बाबा, तुम्ही फोनमध्येच राहता का?" हसू नका. त्या दिवशी डबा तसाच भरलेला परत नेला.

बायको म्हणाली, "अहो, त्यांना शब्द आवडतात ना, मग चार शब्द पाठ करा, खूश करा आणि सही घेऊन या." तिचं सगळंच बरोबर असतं, तोच तर घोळ आहे.

लागलो कामाला. वाचनालयात तसलीच एक डिक्शनरी मिळाली, धूळ झटकली आणि घोकायला बसलो. वायसर मोजता मोजता घोकतोय, आंघोळीला घोकतोय. 'बुली' म्हणजे आता दांडगाई करणारा, पण पूर्वी लाडका, प्रियकर. 'नॉटी' म्हणजे आता खोडकर, पूर्वी ज्याच्यापाशी काहीच नाही असा कफल्लक. या वयात! शाळेत कविता पाठ झाली नाही म्हणून छड्या खाल्लेला माणूस मी. शब्द जुना, अर्थ त्याहून जुना, आणि पाठ करायला कोण, तर मी.

आणि मग एके दिवशी हॉलमध्ये साहेबांनी विचारलं, बुली म्हणजे पूर्वी काय? माझ्या शेजारी आमचा फिटर, त्याला आम्ही कुंभकर्णच म्हणतो, तो भिंतीला टेकून झोपलेला. मी उभा राहिलो आणि सांगितलं, लाडका, साहेब. तुम्हाला सांगतो, त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी उत्तर दिलं होतं! त्या दिवसापासून केबिनमध्ये चहा, पाठीवर थाप. मी बायकोला सांगून टाकलं, झालं म्हण काम. मुलीनं माझ्यासाठी कपाटातला खालचा कप्पा रिकामा करून ठेवला.

पुढच्याच आठवड्यात साहेब 'ऑफुल' सांगत होते. आता भयंकर, पूर्वी ज्याच्यापुढे आपोआप मान झुकते असं भव्य. कुंभकर्णाची मान झुकलीच होती, वर तो घोरला. असा घोरला की मशीन सुरू झालं वाटून दोघं उठून उभे राहिले. साहेब लालबुंद. "तुमच्यासारख्या माणसाची इथे गरज नाही. जा त्या शाखेत!" कुठल्या? माझ्या हो, माझ्या शाखेत, त्या रिकाम्या जागेवर! त्या बिचाऱ्यानं इथे नुकतंच घर बांधलेलं, तो रडायला लागला. त्याच्या शेजारी मीही रडत होतो. लोकांना वाटलं, काय मैत्री आहे यांची.

धावत केबिनमध्ये गेलो. साहेब म्हणाले, "तुमचा अर्ज वाचला. अहो, तुम्हाला सोडलं तर मी बोलायचं कुणाशी?" आणि माझा अर्ज घडी घालून, अगदी प्रेमानं, डिक्शनरीत खूण म्हणून ठेवला.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग तुम्हीही झोपा." कळलं? शिक्षा म्हणून तरी मलाही तिकडे पाठवतील, जागा असो वा नसो. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये भिंतीला टेकलो, डोळे मिटले, तोंड उघडं टाकलं, आता घोरणार, एवढ्यात साहेब सुरू... "मंडळी, सिली म्हणजे आता मूर्ख. पण पूर्वी... पूर्वी..." अडले. आठवेना त्यांना. मी दात आवळले. जीभ चावली. पण इतके दिवस घोकलेलं, राहतंय होय? डोळे मिटलेलेच, आणि तोंडातून सटकन गेलं, "पुण्यवान, साहेब. मग निष्पाप, मग बिचारा, मग मूर्ख."

साहेब म्हणाले, "पाहिलंत? झोपेतसुद्धा!" आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

कपाटातल्या त्या कप्प्यात आता बाहुल्या ठेवल्यात म्हणे. ठेवू द्या. पुण्यवानाचा मूर्ख व्हायला त्या शब्दाला शेकडो वर्षं लागली... मला एका अर्जात जमलं.