किती झाले, म्हणून विचारतात

माझं नाव रूथ, पण कारखान्यात आणि वाडीवर सगळे रूताबाईच म्हणतात. आमचं मूळ नगरकडचं, आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती. वडील अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात लागले, म्हणून मी जन्मले इथंच, अंबरनाथ पूर्वेच्या चाळीत. नवरा रंगकाम करायचा, चांगला माणूस, वारला बिचारा. मी उल्हासनगरला जीन्सचे धागे कापते, एकोणीस वर्षं झाली. शेठ सिंधी आहे, आम्ही त्याला साईं म्हणतो. त्यानं कधी विचारलं नाही की रूताबाई, तुझ्या देवाचं काम किती झालं. ज्यांनी विचारायला नको त्यांनी विचारलं, तेच तर सांगत्येय तुम्हाला, लिहून घ्या.

शुक्रवारी आमची सुट्टी. बदलापूरहून बारवी धरणाच्या बाजूला एक ठाकर आदिवासींची वाडी आहे. चर्चमधून आम्ही सहा जणी पहिल्यांदा गेलो, चालायला लागतं, ऊन लागतं, एकेक करत गळल्या, राहिले मी एकटी. अकरा वर्षं जात्येय. बसायचं, गाणं म्हणायचं, येशूची गोष्ट सांगायची, कोणाच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचून दाखवायचं. तिथं हिरी म्हणून एक बाई आहे, माझ्याच वयाची. ती खोकायला लागली, रक्त पडायला लागलं, घरचे म्हणाले बाहेरचं काहीतरी आहे. मी म्हटलं बाहेरचं नाही, आतलं आहे, टीबी आहे, चल. उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात मीच नेली तिला, साईंकडून रजा मागून. गोळ्या पोटात जातात की नाही ते बघायला मग आठवड्यात मधल्या एखाद्या वारीपण जायला लागले. सहा महिने. बरी झाली. गोष्ट ऐकते, हसते, म्हणते बाय, तुजा देव चांगला हाय गं, पन आमचा वाघोबा रुसंल. मी म्हणते बरं.

मग काय झालं, गेल्या वर्षी वाडीच्या वाटेवर तिघं जण आडवे आले. गाडीवरून आले होते, वाडीतले नव्हते. पिशवी हिसकली, उलटी केली, त्यात गाण्याचं पुस्तक, खारी आणि हिरीच्या सुनेसाठी तापाची गोळी. एक म्हणतो, ए बाई, किती जणांना बाटवलंस सांग. मी खाली बसून सांडलेली खारी गोळा करायला लागले. तेवढ्यात हिरी आली डोक्यावर मोळी घेऊन, मोळी टाकली खाली आणि काय बोलली त्यांना! मी रगत वकत व्हते तवा कुठं व्हतात तुमी, एक तरी आलात कं माज्या दारात, हिनी मला हाताला धरून नेली, निघा आता. गेले ते. जाताना माझ्या पुस्तकावर पाय देऊन गेले.

आणि काय सांगू तुम्हाला, त्याच रविवारी वाडीवरचं काम बघणाऱ्या आमच्या संस्थेचे साहेब मुंबईहून आले. फॉर्म घेऊन. मला समोर बसवलं आणि म्हणाले, सिस्टर, अकरा वर्षांत किती झाले? मी म्हटलं, काय किती? म्हणाले, बाप्तिस्मे. मी म्हटलं, एकही नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणजे बघा, परवा एकानं बाटवलंस म्हणून माझी पिशवी उलटी केली, आज हा मला विचारतोय का नाही झाले. दोघांना आकडाच पाहिजे! हिरी कोणालाच नको!

साहेब म्हणाले, ती टीबीवाली बाई आहे ना, तिला मोबाइलसमोर उभी करा, प्रभूनं मला बरं केलं म्हणून हात वर करू द्या, लोकांना बघायला बरं वाटतं. मी म्हटलं, साहेब, ती नाही म्हणत तसं. म्हणेल तेव्हा म्हणेल, मी तिच्या तोंडात घालणार नाही. ते म्हणाले, मग फळ काय तुमच्या सेवेचं? आमच्या चर्चचे पाळकसाहेब शेजारीच बसले होते, लहानपणापासून ओळखतात मला, ते चपलेकडे बघत राहिले. त्याचा मला जास्त राग आला. संस्थेच्या सेविकांच्या यादीतून माझं नाव काढलं. वाडी दुसऱ्या ब्रदरला दिली, तो एकदा गेला, फोटो काढले, परत फिरकला नाही.

घरी येऊन भांडी घासता घासता मी देवाशी भांडले. म्हटलं, प्रभू, एक तरी द्यायचा होतास ना, त्यांच्या तोंडावर मारायला. अकरा वर्षं रे, एक तरी! मोठ्यानं बोलले, शेजारीण डोकावून गेली. आणि माझं मलाच ऐकू आलं, की मी पण तेच विचारत्येय, त्या साहेबाचंच. माणसाचं मन फिरवणं माझ्या हातात कधी होतं? मला जायला सांगितलं होतं, मी गेले. पुढचं त्याचं. राग गेला नाही हो, खोटं कशाला बोलू, त्या साहेबाचा राग अजून आहे. पण देवाकडे जाब मागायचं मी सोडलं, आणि शुक्रवारी वाडीवर गेले, यादी गेली खड्ड्यात.

गेल्या महिन्यात मला चिकनगुनिया झाला. तीन शुक्रवार जाता आलं नाही. तिसऱ्या शुक्रवारनंतर लगेच शनिवारी दारात हिरी उभी, बरोबर सून, विचारत विचारत चाळीपर्यंत आलेल्या. उल्हासनगरच्या दवाखान्याशिवाय कधी शहर बघितलं नव्हतं तिनं. हरभऱ्याची भाजी आणली होती. माझे सुजलेले सांधे दाबले, मग म्हणाली, बाय, तू आमच्याकडं आलीस की डोळे मिटून बोलतीस, आता तुज्यासाठी कोन बोलंल? आणि स्वतःच डोळे मिटले. म्हणाली, बायच्या देवा, मी हिरी, वाडीवरची. तू मला वळकत नसशील. बायचं अंग लई दुखतंय, तेवढं बघ. झालं, उठली, उशीर होतो म्हणून निघाली.

हे मी पाळकसाहेबांना सांगितलं नाही. सांगणारही नाही. तिचं आणि देवाचं बोलणं आहे ते, माझं काय त्यात? वाघोबा तिच्या दारात आहेच अजून. सांधे दुखतात माझे, पण परवा शुक्रवार आहे, जाईन हळूहळू. तुम्ही एवढं ऐकून घेतलंत, प्रभू तुमचं भलं करो, आणि लिहिताना माझ्या नावापुढं किती झाले ते लिहू नका.