हनुवटी वर, नजर इकडे!

अहो, हसताय काय! समोर मी धडधडीत उभा, दिवा लावलेला, चष्मा काढलेला, आणि हा वीतभर फोन मला म्हणतो, ‘चेहरा ओळखता आला नाही, पुन्हा प्रयत्न करा’! मला! पस्तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला मी, तुम्हाला सांगतो, निम्म्या गावाच्या ओळखपत्रांवर माझ्या हातचे फोटो आहेत, आणि त्या प्रत्येकाला स्टुलावर बसवून मी एकच सांगितलं : हनुवटी वर, नजर इकडे, हलायचं नाही! आता हा मला सांगतो, फोन जरा वर धरा... चेहरा गोलात आणा... म्हणजे आमचीच विद्या आमच्यावर!

चूक माझीच, कबूल आहे. फोन नवा घेतला तेव्हा त्यानं चेहरा मागितला. मी आरशात बघितलं, तर डोक्यावर ट्यूबलाइट, नाकाखाली काळी सावली, डोळ्यांखाली पिशव्या. असल्या उजेडात मी कधी गिऱ्हाइकाचा फोटो काढला नाही, स्वतःचा कसा देऊ? धंद्याची अब्रू आहे की नाही? मग मी काय केलं... दुकानाच्या शोकेसमधला माझाच फोटो उतरवला. बत्तीस वर्षांचा मी! मला कॅमेरा शिकवणाऱ्या गुरुजींनी तीन दिवे लावून काढलेला, आणि वर ब्रश फिरवून मिशी दाट करून दिलेली, कारण खरी मिशी माझी तेव्हाही यथातथाच. तो फोटो धरला फोनसमोर. हनुवटी वर, नजर इकडे, आणि हलायचा तर प्रश्नच नाही! फोन खूश. म्हणाला, चेहरा नोंदवला.

झालं! तेव्हापासून फोन उघडतो तो त्या फोटोलाच. मी तोंड दाखवलं की ओळख ना देख. मग काय, कापडी पिशवीत फ्रेम घालून हिंडायला लागलो. बसथांब्यावर फोन वाजून गेला, म्हटलं बघू कोणाचा होता, म्हणून फ्रेम काढली, तर शेजारच्या बाई एकदम गंभीर. ‘कधी गेले हो?’ मी म्हटलं, कोण? ‘हे... भाऊ होते का तुमचे?’ अहो बाई, हा मीच आहे! त्यांनी एकदा फोटोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पिशवी उचलून दोन हात लांब जाऊन उभ्या राहिल्या.

तुम्ही म्हणाल, आकडा टाका की! टाकला असता हो. पण आकडा ठेवताना मी ठरवलं, असा ठेवायचा की कोणाच्या बापाला ओळखता येणार नाही. नाहीच येत. मलाही येत नाही!

गेलो मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे. तो बिचारा समजावतो, ‘काका, हे वर बघा. हे बारीक भोक उजेड मोजतं.’ म्हटलं, म्हणजे लाइटमीटर! ‘हे कान जवळ आला की पडदा विझवतं. आणि हा कॅमेरा. महागड्या फोनात नाकाचा उंचवटा, डोळ्यांची खोबण, सगळं मोजतात. तुमचा फोन नुसतं सपाट चित्र बघतो, म्हणून फोटोला फसला.’ मी म्हटलं, बाबा रे, विद्या कळली, उपाय सांग. ‘चेहरा बदलायलाही आकडा लागतो. तो नाही, तर सगळं पुसायचं. फोन कोरा.’

कोरा? मी फोन परत ओढून घेतला. कारण त्या फोनमध्ये माझी आई आहे हो. गेल्या वर्षी गेली. शेवटी शेवटी तिला लिहिता येईना, म्हणून आवाज भरून पाठवायची, सत्तावीस निरोप, आणि सत्तावीसही निरोपांत मला झापलेलं! ‘फोन का उचलत नाहीस... दुकानातून वेळेवर ये... जेवलास का...’ रोज एक ऐकतो मी. ते पुसू? आणि फोटोला फोन उघडतोय तोवर ते दुसरीकडे काढून ठेवावेत, हे सुचायला डोकं लागतं. ते पिशवी सांभाळण्यात गुंतलेलं!

पुढचं ऐका. आमच्या हिनं, मोठ्या मायेनं, फ्रेमची काच काढून फोटो ओल्या फडक्यानं पुसला. गुरुजींचा ब्रश तो! मिशी ओघळून पार कानापर्यंत गेली. ‘अहो, धूळ होती!’ म्हणते. फोनपुढे धरला. ‘चेहरा ओळखता आला नाही.’ मी बारीक ब्रश काढला, मिशी परत रंगवली. नाही. थोडी दाट केली. नाही. पातळ केली. नाही! पस्तीस वर्षांत माझ्या कामाला एवढी नावं कुणी ठेवली नव्हती.

घरात हे कळतं कुणाला? मुलाला. पण त्याच्याशी माझं चार महिने बोलणं बंद! तो म्हणाला होता, ‘बाबा, लोक आता घरीच फोनवर फोटो काढतात, दुकान बंद करा.’ मी म्हटलं, तुझं तोंड बंद कर. दोन्ही बंद पडली... दुकानही आणि तोंडही. एका टेबलावर जेवतो, आणि ही मधे. ‘त्यांना विचार, पाणी हवंय का.’ ‘त्याला सांग, हवंय.’ अशा माणसाकडे मदत मागू? छे! जीव गेला तरी नाही.

परवा जेवताना फोन टेबलावर, चार्जिंग तीन टक्के. बंद पडला तर चालू होताना आकडाच मागणार, म्हणजे आई गेलीच म्हणायची, पुन्हा एकदा. मी चार्जर शोधतोय, सापडत नाही. मुलगा उठला, त्यानं फोन उचलला, स्वतःची वायर लावायला तोंडासमोर धरला आणि... खट्! उघडला!

फोन उघडला हो! त्याच्या तोंडाला, अस्सल दाट मिशीला! ही जागच्या जागी उभी. तीस वर्षं हिच्या माहेरचे सांगत आलेत, मुलगा हुबेहूब मामावर गेलाय, आणि मी मुकाट ऐकत आलोय. आता तीन भोकांच्या फोननं निकाल दिला! आणि त्याचं बोट कुठं लागलं देव जाणे, आईच सुरू झाली : ‘काय रे, जेवलात का दोघं? का परत भांडलात?’

आम्ही दोघंही एकदम म्हणालो, ‘जेवतोय!’ आणि मग मला काही दिसेना. चष्मा पुसायला घेतला, तर तो डोळ्यांवर नव्हताच.

त्यानं सत्तावीसच्या सत्तावीस निरोप हिच्या फोनवर पाठवले, दोन मिनिटांत. म्हणाला, ‘बाबा, आता फोन कोरा करून तुमचा चेहरा घालू या.’ मी म्हटलं, राहू दे, काय घाई आहे? म्हणून आता रोज सकाळी तो दाढी करत असतो आणि मी फोन घेऊन दारात उभा. भांडायची सोय उरली नाही, भांडलो तर फोन बंद! तो वैतागतो, तोंडाला फेस तसाच, आणि मी म्हणतो, फेस पूस, हनुवटी वर, नजर इकडे, हलायचं नाही! काय करणार हो... पस्तीस वर्षं हेच केलं, अजूनही हेच करतोय. गिऱ्हाईक तेवढं एकच उरलंय.