उजवी कळी

—ऊठ गो सगुणावयनी, देवळाच्या पायरीवर बसून झाडं वाचतात काय? सकाळपासून तेच ऐकवतेस — झरा आटंल, झरा आटंल! आटला तर टँकर येईल. बारा माणसं करवती घेऊन खोळंबलीत आणि तू देवराईच्या वाटेत. ठेकेदार ओरडतो मला, गावचा गुरव म्हणून.

काय म्हणालीस? भाताचं तूस न्या, उभी झाडं नको? गावच्या सभेतही तेच बोललीस, सगळे हसले. अगो, तुसानं त्या कारखान्याच्या भट्टीचं पोट भरतं काय? लाकूड भरडून कांड्या करतात, दगडी कोळशाच्या जागी जाळतात — हवा चांगली राहते, साहेबानं पडद्यावर दाखवलंन. झाडं परत वाढतात म्हणे. — दोनशे वर्षं? लागूदेत. तुला पोर ना बाळ, पुढचं काय पडलंय तुला?

आणि मी थोडंच ठरवलं? देवाला कौल लावला, पाषाणावर पाण्यानं दोन कळ्या चिकटवल्या, उजवी आधी पडली. उजवी म्हणजे तोडा, डावी म्हणजे नको. गावानं बघितलं, तू पण हात जोडलेस. — पाणी? कसलं पाणी? उजवीला पाणी कमी लावलं म्हणतंय कोण? दोन्हीकडे सारखं — बरं, बोट जरा सुकं होतं, मग? देवाला झाडं हवी असती तर त्यानं धरून ठेवली असती कळी! आणि माझ्या लेकीची, ज्ञानेश्वरीची, कारखान्यातली नोकरी मध्ये आणू नको. शिकलेली पोर, लागली. कौलाच्या आदल्या दिवशी लागली, त्यात काय?

तुला लावायचाय कौल? तू? — बरं, ये आत. ये गो, घाबरतेस कशाला? दार लोटून घे, तमाशा नको. कळ्या तुझ्या हातानं लाव, पाणीही तूच लाव. पण उजवी पडली की त्या पायरीवर नाक घासायचं नि घरी जायचं, सांगून ठेवतो. बोल, मोठ्यानं घाल गाऱ्हाणं. हां. आता बघ — उजवीच हलतेय, बघ, बघ —

वारा आला. डावी वाऱ्यानं पडली. — दार बंद असलं म्हणून काय झालं, फटीतून येतो वारा.

बघतेस काय अशी? हो बाहेर! गाभाऱ्यात बायकांनी यायचं नसतं, एवढं कळत नाय तुला? — सदू, चालू कर रे करवत.